चरा पडलेला कूलर

शनिवारी दुपारी "कूलर आणायला चाललोय" असं सांगून मी पायात चपला घातल्या, तेव्हा आतून आईचा आवाज आला, "मग ताट्याही घेऊन ये रे, या वर्षीच्या नुसत्याच पाणी पितायत." एप्रिलअखेरचं हैदराबाद. कूलर म्हटलं की खिडकीत बसणारा, दिवसातून चार बादल्या पाणी मागणारा तो मोठा डबाच कुणाच्याही डोळ्यांसमोर येणार. माझा कूलर त्याच्यापुढे अगदीच पिल्लू. संगणकाच्या प्रोसेसरवर बसतो तो.

ज्यांनी संगणकाचं पोट कधी उघडून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर म्हणजे साधारण चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक चकती. माझ्या संगणकातला रायझन 5 3600 हा कागदोपत्री 65 वॅटचा. जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना कल्पना येईल. ती सगळी उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर काढायची असते. म्हणून चकतीवर तांब्याचा सपाट तळ दाबून बसवतात, तळातून नळ्या वर जातात, नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे ओवलेले असतात आणि बाजूला पंखा. माझ्याकडे प्रोसेसरच्या खोक्यातून फुकट आलेला छोटा कूलर होता. तो हिवाळ्यात ठीक होता. पण आमच्या काचीगुड्याच्या घरातली ती खोली पश्चिमेची, दुपारी तीन वाजता 36 अंशांवर. तापमान 95 ला टेकलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागतो.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्याला कंपनी लॅपटॉप देते, घरचा संगणक हवाय कशाला? तो लॅपटॉप मी मार्चच्या मध्यावर परत केला होता. एका सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि आमच्या गटातल्या बहुतेकांची नोकरी गेली. दोन महिन्यांचा पगार हातात मिळाला. माझ्या बायकोला त्याच दिवशी सांगितलं. आईबाबांना नाही. बाबांना जानेवारीत दोन स्टेंट बसले होते, डॉक्टरांनी "ताण नको" असं तीनतीनदा बजावलं होतं. आणि लपवणं सोपंही होतं. मी आधीपासूनच घरून काम करायचो. सकाळी नऊला खोलीचं दार लावायचं, सहाला उघडायचं. आत मी बाहेरची छोटीमोठी कामं करत होतो, अर्ज पाठवत होतो आणि त्या पंख्याचं ओरडणं ऐकत होतो.

नवा चांगला कूलर सहा-सात हजारांच्या घरात. म्हणून मी सिकंदराबादला पार्कलेनच्या सीटीसीत गेलो. चिनॉय ट्रेड सेंटर असं त्याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. इंजिनिअरिंगला असताना पहिली रॅम इथूनच घेतली होती. जुन्या मालाच्या एका दुकानात नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा कूलर दिसला, एनएच-यू12एस. तपकिरी आणि बदामी रंगाचा पंखा, एखाद्या जुन्या सोफ्याच्या कव्हरसारखा. किंमत 1,600. एवढा स्वस्त का, ते उलटा केल्यावर कळलं. तळावर निकेलचा चकचकीत मुलामा असतो, त्यावर मधोमध आडवा, बोटाच्या पेराएवढा लांब चरा. मुलामा फाटून खालचं तांबं लालसर दिसत होतं. शेजारी दोन बारीक ओरखडे. वाळलेली पेस्ट कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने खरवडली असणार.

दुकानदार म्हणाला, "आराम से चलता भाई, टेन्शन नक्को लो." (हा "नक्को" आपलाच. आपल्या "नको" वर एक "क" चढवून दख्खनीने तो ठेवून घेतला आहे. त्यामुळे असं कुणी म्हणालं की मी उगाच विरघळतो.) बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रू आहेत ना, एवढं मोजून घेतलं आणि पैसे दिले. ताट्या विसरलो.

रविवारी जेवणं झाल्यावर जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली. माझा बेत असा होता: टेबलावरच्या काचेवर वॉटर पेपर चिकटवायचा आणि कूलरचा तळ त्यावर घासत न्यायचा, आधी 400 नंबर, मग 800, मग 1500, चरा नाहीसा होईपर्यंत. असे आरशासारखे केलेले तळ मी फोटोंमध्ये पाहिले होते. पहिला कागद ओला करतोय तोच बाबा दुपारची झोप सोडून बाहेर आले.

"काय घासतोयस?"

मी तळ दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कागद उचल आधी तो."

बाबा बत्तीस वर्षं बालानगरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. डाय, जिग, फिक्स्चर. माझ्या लहानपणी ते घरातल्या कुठल्याही वस्तूवरून अंगठा फिरवायचे, पोळपाटावरूनसुद्धा, आणि "इथे दोन हंड्रेड खाली आहे" असं म्हणायचे. दोन हंड्रेड म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश. आम्हाला ती फेकाफेक वाटायची. पुढे इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये डायल गेज हातात आल्यावर कळलं की सराईत बोटाला एवढं खरंच कळतं.

"घासायला सगळ्यांना येतं," बाबा म्हणाले. "सपाट घासायला येत नाही. हात पुढे जाताना पुढची कड दबते, मागे येताना मागची. चरा जाईल आणि तळ गोलमटोल होईल. चऱ्याने तुझं काय बिघडलंय?"

मी सांगायला गेलो की चऱ्यात हवा राहील. पण वाक्य अर्ध्यात असतानाच मनात हिशोब झाला. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक, तिची वाहकता 0.026 च्या आसपास. तांब्याची सुमारे 400. प्रोसेसर आणि तळाच्या मध्ये लावतात ती करडी पेस्ट या दोघांच्या मध्ये, चांगली असली तर पाच ते दहा. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही. तिचं काम एवढंच, की जिथे धातू धातूला टेकत नाही त्या खळग्यांत हवेऐवजी आपण बसायचं. एका अरुंद चऱ्यात पेस्ट भरली तर पूर्ण तळाच्या मानाने ती जागा ती केवढी!

बाबांनी हेच एका ओळीत सांगितलं. "खाली गेलेलं काही करत नाही. वर आलेलं नडतं."

स्क्रूड्रायव्हरने धातू खरवडला की तो सगळाच निघून जात नाही, चऱ्याच्या दोन्ही काठांना थोडा वर ढकलला जातो. शेतात नांगराच्या तासाला माती वर येते तसा. या उठलेल्या कोरेला टूलरूममध्ये बर म्हणतात. ती अगदी बारीक का असेना, अख्खा तळ तेवढाच उचलून धरते, आणि मग सगळीकडे पेस्टचा थर जाड होतो. घासायचं तर फक्त तिला.

"बोटाने बघा ना किती उठलीय ते," मी म्हणालो.

बाबा क्षणभर थांबले. "कापूस आण," म्हणाले. "कापसाला जास्त कळतं."

आईच्या वातींच्या डब्यातून कापूस आणला. त्यांनी त्याचा सैल पुंजका करून तळावरून अलगद ओढला. चऱ्याच्या एका काठावर दोन तंतू अडकून उभे राहिले. दुसऱ्या काठावर काही नाही. बारीक ओरखड्यांवर काही नाही. मला ती युक्ती इतकी आवडली की बोटाऐवजी कापूस का, हा प्रश्न पडलाच नाही.

मग त्यांनी लॉफ्टवरची त्यांची पत्र्याची पेटी काढायला लावली. निवृत्तीनंतर ती फार वेळा उघडली गेली नव्हती. तेलकट फडक्यात गुंडाळलेला गुण्या आणि काडेपेटीएवढा ऑइल स्टोन निघाला. गुण्याची धार तळावर आडवी ठेवून कूलर खिडकीच्या उजेडासमोर धरला. मध्ये धार टेकलेली, दोन्ही कडांना केसापेक्षाही बारीक प्रकाशाची रेघ. मी म्हणालो, "गेला. तळ वाकडा आहे."

"वाकडा नाही, फुगीर आहे. चारी बाजूंनी सारखा आहे बघ. हे मुद्दाम केलेलं असणार."

ते बरोबर होतं. कूलर बनवणारे पुष्कळजण तळ मध्यभागी किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे स्क्रू आवळल्यावर दाब मधोमध पडतो. मला हे वाचून माहीत होतं, पण आपल्या हातातला तळ तसा आहे हे ओळखता आलं नव्हतं. आणि मी तेच वॉटर पेपरवर सपाट करायला निघालो होतो. ऑइल स्टोनवर तेलाचा थेंब टाकून बाबांनी तो चऱ्याच्या त्या एका काठावर वजन न देता तीनदा फिरवला. पुन्हा कापूस. तंतू अडकले नाहीत. चरा होता तसाच लाल दिसत होता.

"नवा का नाही घेतलास?" दगड पुसता पुसता त्यांनी विचारलं.

"जुना चांगला मिळाला."

"हं."

जुना कूलर काढणं हे या प्रकारच्या प्रोसेसरमध्ये जरा जोखमीचं काम. याच्या पोटाला 1331 बारीक टाचण्या असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते, आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. एका मित्राच्या टाचण्या अशा वाकलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून आधी संगणक दहा मिनिटं चालवून गरम केला, बंद करून वायर काढली, चार स्क्रू सोडवले आणि कूलर बरणीचं झाकण फिरवावं तसा डावीउजवीकडे फिरवत सुटा केला. प्रोसेसर जागेवर राहिला. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला.

हे स्क्रू बोर्डाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका लोखंडी पट्टीत बसतात. ते निघाले की पट्टी मोकळी होते, आणि नव्या कूलरलाही तीच लागते. म्हणून कुणीतरी ती मागून धरायला हवी. कॅबिनेटला मागे खिडकी आहे, त्यातून बाबांनी पट्टी धरली. मी पुढून स्क्रू लावत होतो.

"बसली का नीट?"

"बसली असेल."

बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. बसली किंवा नाही बसली. "असेल" वर ते आम्हाला लहानपणी ओरडायचे. मी वाकून मागे पाहिलं. पट्टी तिरकी होती. तिच्या बाजूने त्यांचं पहिलं बोट बोर्डावर दाबलेलं होतं. बोर्डाची मागची बाजू म्हणजे डाखाच्या टोकांचं रान, हात लागला तरी टोचतं. त्यांच्या बोटातून रक्त येऊन कॅबिनेटच्या पत्र्यावर ओघळ आला होता. स्टेंटनंतरच्या गोळ्यांनी रक्त पातळ होतं, त्यामुळे जास्तच.

"बाबा, रक्त!"

त्यांनी हात बाहेर काढून पाहिला. माझ्याइतकंच तेही दचकले. त्यांना लागलेलं कळलंच नव्हतं.

आई हळद घेऊन धावली. मी बोट दाबून धरलं आणि तेव्हा मला कापूस आठवला.

"किती दिवस झाले?"

"बोटांचं तीन-चार महिने. पायांचं जास्त." मग जरा वेळाने, "देवळात गेलो होतो ना पाडव्याला, तेव्हा फरशी तापलेली कळली नाही. फोड आला होता. तुम्हाला चप्पल लागली म्हणून सांगितलं."

बाबांना मधुमेह आहे वीस वर्षांपासून. नसांवर परिणाम होतो, पायांची संवेदना जाते, जखम कळत नाही आणि चिघळते, हे आम्ही सगळेच जाणून होतो. तरी मी चिडलो. जानेवारीत इतके डॉक्टर समोर होते, तेव्हा तरी बोलायचं होतं. फोड भरला म्हणून बरं, नसता भरला तर? बरंच बोललो. आईसमोर बोलायला नको होतं तेही बोललो.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तुझा पगार बंद होऊन किती दिवस झाले?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बाबा म्हणाले, "तिने नाही सांगितलं. तुझ्या खोलीतून पूर्वी दिवसातून दहा वेळा 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' असं इंग्रजीत यायचं. सहा आठवडे काही येत नाही. त्यात जुना कूलर आणलास."

"तुम्हाला ताण नको म्हणून..."

"दाराबाहेर बसून अंदाज करत राहायचं, तो ताण नाही का? मी काय काचेचा आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगितलं सगळं. किती पैसे आहेत, घराचा हप्ता किती, मुलीची फी कधी, किती ठिकाणी अर्ज केलेत, कुठून उत्तर आलंय. आई मध्येच "मग तू रोज आत काय करत होतास रे?" म्हणाली. बाबांनी पेटीतल्या पेन्सिलीने वॉटर पेपरच्या पाठीवर आकडे मांडले. दिवाळीपर्यंत ओढता येईल असं निघालं. मीही तेवढंच काढलं होतं. पण त्यांच्या अक्षरात ते वाचताना मला बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

पाच वाजून गेले होते. चहा झाला. मग बाबा म्हणाले, "ते उघडं पडलंय ना, लाव."

या वेळी पट्टी बायकोने धरली. प्रोसेसरच्या मधोमध मटारच्या दाण्याएवढी पेस्ट टाकली, कूलर टेकवला, दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. बाबा म्हणाले, "आता सोड."

"आत्ता तर लावला!"

"सोडून छाप बघ."

कूलर पुन्हा फिरवत उचलला. तळावर पेस्टचा चौकोन उमटला होता. मध्ये इतका पातळ की धातू जवळजवळ दिसत होता, कडांकडे हळूहळू दाट. चऱ्याची रेघ पेस्टने भरून करडी झालेली, तिच्या आजूबाजूला थर सारखाच. काठावर कुठे उंचवटा राहिला असता तर त्याच्या शेजारी जाड पट्टा दिसला असता.

बाबा एकदम खुलले. सर्फेस प्लेटवर निळा रंग पातळ लावायचा, त्यावर जॉब ठेवून हलकेच सरकवायचा, उचलून बघायचं. जिथे निळं लागलं तो भाग उंच. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा आणि पुन्हा निळा. अख्खा तळ ठिपक्याठिपक्यांनी सारखा भरेपर्यंत, कधी दोन दोन दिवस. हे सगळं ते माझ्या बायकोला सांगत होते, कारण मी लहानपणी ऐकलंय असं त्यांना वाटत होतं. मी ऐकलं नव्हतं. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांत निळं असायचं, आणि ते शाईचं आहे असं मी शाळेत सांगायचो. माझे बाबा ऑफिसात असतात, असं.

तळ पुसला, नवी पेस्ट, पुन्हा स्क्रू. संगणक चालू केला आणि सगळे गाभे पूर्ण जोराने वीस मिनिटं पळवले. 73 अंश. खोलीत 35. पंख्याचा आवाज एवढा कमी की आईने विचारलं, "चालू आहे ना?"

सोमवारी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. एका नायलॉनच्या जाड दोऱ्याने त्यांनी तळपायाला ठिकठिकाणी टोचलं, बाबांनी डोळे मिटून "हो" म्हणायचं. दहापैकी चार ठिकाणी ते गप्प राहिले. बी-12 तपासायला सांगितलं, गोळ्या बदलल्या, घरातसुद्धा चपला घालायला सांगितलं. रोज रात्री आरशात तळपाय बघायचे. गेलेली संवेदना कितपत परत येईल यावर डॉक्टरांनी वचन दिलं नाही, आहे ती राखायची म्हणाले. देवळात मोजे घालून गेलं तर चालेल का, हे बाबांनी डॉक्टरांनाच विचारलं.

माझी एक मुलाखत झाली आहे, दुसरी पुढच्या आठवड्यात आहे. खोलीचं दार आता उघडं असतं, त्यामुळे आई दर तासाला काहीतरी खायला आणून देते, हा एक तोटा. संध्याकाळी बाबा दारात चपला वाजवत येतात आणि विचारतात, "किती?" मी स्क्रीनवर पाहून सांगतो, एकाहत्तर, बहात्तर. मग मी विचारतो, "तुमची किती?" काल 214 होती, जेवणानंतरची. बाबा म्हणाले, मशीनमध्येच काहीतरी असेल. आईने आतून सांगितलं की दोन आंबे खाल्लेत.